न उपसणारा बोअर

मराठवाड्यात जमिनीत छिद्र पाडण्याचे प्रयोजन गेल्या अर्धशतकात एकच राहिले आहे, आणि ते म्हणजे पाणी वर काढणे. १९७२च्या दुष्काळानंतर वेगाने फिरू लागलेल्या यंत्रांनी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील बेसाल्टची चाळण केली; तरीही त्याच खडकाचा, त्याच व्यासाच्या छिद्रांचा आणि त्याच प्लास्टिकच्या नळ्यांचा दुसरा एक उपयोग आहे, ज्यात पाण्याचा थेंबही वर काढला जात नाही, हे या भागात फारसे परिचित नाही. या उपयोगाला तांत्रिक भाषेत भू-उष्मा विनिमयक म्हणतात. बोअरमध्ये इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळवलेली नळी सोडून, तिच्यातून तेच ते पाणी फिरवत ठेवून, इमारतीतील उष्णता खडकात मुरवणे किंवा खडकातील ऊब इमारतीत आणणे, एवढेच त्याचे काम असते. ही व्यवस्था चांगली चालेल की नाही हे लोकांना वाटते तसे केवळ खोलीवर ठरत नाही. नळीतले पाणी कोणत्या चालीने जाते, वाटेत किती घर्षण सोसते आणि अनेक बोअरमध्ये सारखे वाटले जाते की नाही, यावर ते ठरते; आणि नेमक्या याच बाबतीत मराठवाड्याची उष्ण भूमी थंड देशांपेक्षा निराळे गणित मांडते.

उष्णतेची मोटार

हीट पंप, म्हणजे उष्णता-पंप, हे यंत्र समजून घेण्यासाठी विहिरीवरच्या मोटारीपलीकडे जाण्याची गरज नाही. पाणी आपोआप खाली वाहते आणि वर चढवायचे तर मोटार लागते. त्याचप्रमाणे उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते आणि तिला उलट दिशेने न्यायचे तर कॉम्प्रेसर लागतो. पाणी जितके खोल गेलेले असेल तितकी मोटारीला वीज अधिक लागते, आणि ज्या तापमानातून उष्णता उचलायची व ज्या तापमानात ती सोडायची त्यांतील अंतर जितके मोठे तितकी कॉम्प्रेसरला वीज अधिक लागते. घरोघरीचा एसी हा मुळात उष्णता-पंपच आहे, मात्र त्याला खोलीतली उष्णता मे महिन्यातील ४२-४३ अंशांच्या हवेत ढकलावी लागते, म्हणजे ज्या दुपारी गारव्याची निकड सर्वांत मोठी असते त्याच दुपारी त्याचा चढही सर्वांत मोठा असतो.

जमिनीत दहा मीटरच्या खाली ऋतूंचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. तेथील खडक वर्षभर त्या गावाच्या सरासरी तापमानाच्या किंचित वर, लातूर-नांदेडच्या पट्ट्यात साधारण २७ ते २९ अंशांवर स्थिर असतो. हा खडक गार नाही, पण मे महिन्याच्या हवेपेक्षा पंधरा अंशांनी खाली आहे, आणि कॉम्प्रेसरच्या दृष्टीने हे पंधरा अंश म्हणजे विहिरीतले पाणी तितके वर आल्यासारखेच आहे. जमीन हा उष्णतेचा साठा मानून तिच्याशी देवघेव करण्याच्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झ्योली यांनी १९१२ मध्ये घेतले, आणि आज एकट्या स्वीडनमध्ये अशा पाच लाखांहून अधिक यंत्रणा चालू आहेत. तेथे मात्र प्रश्न घर उबदार ठेवण्याचा असल्याने जमिनीतून उष्णता काढली जाते आणि मराठवाड्यात तो उलटा, म्हणजे उष्णता जमिनीत सोडण्याचा आहे.

मातीकडून गारवा घेण्याची रीत या भागाला नवी नाही. ज्वारी साठवण्याची पेवे जमिनीत खणली जात, आणि दगड-मातीच्या रुंद भिंतींवर लाकडी तुळया टाकून वर मातीचा जाड थर दिलेली माळवदाची घरे दुपारचे ऊन आतपर्यंत पोहोचू देत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच माळवदे अंगावर कोसळली आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पातळ छतांच्या घरांनी भूकंपाची भीती कमी केली, पण मातीच्या जाडीतून मिळणारा गारवा त्यांच्यात राहिला नाही. जमिनीच्या स्थिर तापमानाशी नाते जोडायचे, पण तिचा भार डोक्यावर घ्यायचा नाही, अशी वाट शोधायची तर ती छताऐवजी पायाखालून जाते.

काळा फत्तर आणि मांजऱ्या

बोअरची गाडी शिवारात उभी राहते तेव्हा तिच्या शेजारी कॉम्प्रेसरची दुसरी गाडी लागते. यातल्या कित्येक गाड्या तमिळनाडूतील तिरुचेंगोडे परिसरातून आलेल्या असतात. पाणाड्याने नारळ किंवा काडी फिरवून दाखवलेल्या जागी हातोडा खाली जाऊ लागला की आधी माती, मग मुरूम वर येतो, तिथपर्यंत केसिंगचा पाइप बसवला जातो, आणि त्याखाली साडेसहा इंची छिद्र उघड्या खडकात चालू राहते. वर उडणाऱ्या भुकटीचा रंग पाहून गाडीवरची माणसे खडक ओळखतात. करडी-काळी, कोरडी भुकटी म्हणजे काळा फत्तर. पांढरट ठिपक्यांची, मऊ भुकटी म्हणजे मांजऱ्या, म्हणजे लाव्हा थिजताना राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर इतर खनिजे भरलेला सच्छिद्र खडक. आणि लालसर गाळ म्हणजे दोन लाव्हाथरांच्या मधली भाजलेली माती. भुकटीची जागा ओल्या गाळाने घेतली की किती इंची पाणी लागले याची चर्चा सुरू होते, आणि शेवटच्या दांड्यापर्यंत नुसता धुरळाच उडत राहिला तर बोअर फेल गेला असे म्हणून गाडी पुढच्या शिवाराकडे वळते.

बेसाल्टचा हा थर किती जाड आहे याचा पुरावा किल्लारीनेच दिला. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टचा थर ३३८ मीटरवर संपला, त्याखाली अवघा ८ मीटरचा गाळखडक आढळला आणि नंतर पुरातन पायाचा खडक लागला. तेथे मोजलेला भूगर्भीय उष्णताप्रवाह दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॉट आहे, म्हणजे एका वर्गखोलीएवढ्या जमिनीतून वर येणारी उष्णता दोन-अडीच वॉटच भरते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वरच्या गरम झऱ्यामुळे जमिनीखाली आगच आहे असा समज होऊ शकतो, परंतु तो झरा म्हणजे खोलवर फिरून आलेल्या पाण्याला भेगेतून मिळालेली वाट आहे. बाकी भूमी शांत आहे, आणि उष्णता मुरवण्यासाठी अशी शांत भूमीच हवी असते.

उष्णता मुरण्याचा वेग खडकाच्या उष्मावाहकतेवर, म्हणजे उष्णता पुढे सरकू देण्याच्या गुणावर, ठरतो. बेसाल्टमध्ये हा गुण मध्यम, दर मीटर-अंशाला दीड ते दोन वॉट इतका असतो, आणि मांजऱ्यात तो घनदाट फत्तरापेक्षा कमी असतो. देगलूर-बिलोलीकडे बेसाल्टचे आवरण संपून ग्रॅनाइट उघडा पडतो, तिथे तो तीनच्या जवळ जातो. म्हणून पाण्यासाठी मांजऱ्या लागावा अशी शेतकऱ्याची इच्छा असते, पण उष्णता-विनिमयासाठी ज्याला तो कपाळाला हात लावून पाहतो तो कोरडा, अखंड काळा फत्तरच अधिक चांगला ठरतो.

पाचशे फुटांचा बोअर, पाच मीटरचा चढ

दीडशे मीटर, म्हणजे साधारण पाचशे फूट, खोल बोअरमधून मिनिटाला १८ लिटर पाणी वर काढायचे तर, तळाशी गेलेले पाणी धरून, नुसत्या उचलण्यासाठीच सुमारे ४४० वॉट शक्ती पाण्याला द्यावी लागते. त्याच बोअरमध्ये ३२ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या एचडीपीई नळीचा फेरा सोडला आणि त्यातून तितकेच पाणी फिरवले तर मात्र पंपाला चढ असा नसतोच, कारण खाली जाणाऱ्या पाण्याचे वजन वर येणाऱ्या पाण्याचे वजन तोलून धरते. रहाटावर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या घागरी टांगल्या तर हाताला फक्त रहाटाची कुरकुर सोसावी लागते. बंद फेऱ्यातल्या पंपालाही तसेच फक्त नळीच्या भिंतीचे घर्षण सोसावे लागते. तीनशे मीटर नळीत हे घर्षण साधारण पाच मीटर उंचीच्या पाण्याएवढे येते आणि पाण्याला द्यावी लागणारी शक्ती १४ वॉटच्या आसपास, म्हणजे एका एलईडी दिव्याएवढी, भरते. पाणी चार अंशांनी थंड होऊन परत येत असेल तर तेवढ्या प्रवाहातून पाच किलोवॉट उष्णता जमिनीत जाते.

मात्र घर्षणाचा स्वभाव उतावळ्याला शिक्षा करणारा आहे. अधिक पाणी फिरवले की अधिक उष्णता मुरेल या समजुतीने प्रवाह दुप्पट केला तर घर्षण तिपटीहून अधिक वाढून सोळा-सतरा मीटरवर जाते आणि पंपाची शक्ती सातपट होते. उलट नळीचा व्यास ३२ वरून ४० मिलिमीटर केला तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण एक-तृतीयांश उरते, कारण ते व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते. ठिबकचे आरेखन करणाऱ्यांना हे गणित पाठ असते. लॅटरल लांबली आणि बारीक राहिली की शेवटच्या झाडाला थेंब मिळत नाही, हे त्यांनी शेतात पाहिलेले असते.

यात एक पेच आहे. पाणी फार हळू सोडले तर घर्षण कमी होते, पण उष्णताही नळीच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. उदबत्तीचा धूर आधी सरळ रेषेत चढतो आणि थोडा वर गेल्यावर मोडून त्याची भिंगोरी होते. नळीतल्या पाण्याच्याही अशाच दोन चाली असतात, आणि ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून त्या दाखवून दिल्या. सरळ चालीत पाण्याचे थर एकमेकांवरून घसरत जातात आणि मधले पाणी भिंतीला न शिवताच परत येते. खळबळत्या चालीत पाणी सतत ढवळले जाऊन प्रत्येक भाग भिंतीला भेटतो. वेग, व्यास आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला त्याचा असलेला अंतर्गत विरोध, यांवरून निघणारा रेनॉल्ड्सचा अंक २३०० च्या खाली असेल तर चाल सरळ असते आणि ४००० च्या वर गेला की खळबळती होते.

मराठवाड्याचे वेगळेपण या ठिकाणी दिसते. थंड देशांत फेऱ्यातले पाणी शून्य अंशाच्या आसपास पोहोचते, म्हणून ते गोठू नये यासाठी त्यात ग्लायकॉलसारखा द्रव मिसळावा लागतो, आणि थंडी व मिश्रण मिळून ते इतके दाट होते की त्याला ढवळत ठेवण्यासाठी पंप जोराने चालवावा लागतो. लातूरमध्ये फेऱ्यातले पाणी तीस-पस्तीस अंशांचे असते, त्यात काहीही मिसळावे लागत नाही, आणि त्याची श्यानता शून्य अंशाच्या शुद्ध पाण्याच्याही निम्म्याहून कमी असते. परिणामी ३२ मिलिमीटरच्या नळीत मिनिटाला चार लिटर एवढ्या संथ प्रवाहालाही ते खळबळत्या चालीत येते. जमिनीच्या उबदारपणामुळे तापमानाच्या बाबतीत जे गमवावे लागते, त्यातील काही भाग पाण्याच्या सैल चालीतून असा परत मिळतो.

खोलीचा मोह

या निष्कर्षाचा उपयोग खोलीच्या निर्णयात होतो. दीडशे मीटरच्या एका बोअरऐवजी पन्नास मीटरचे तीन बोअर घेऊन तोच प्रवाह तिघांत वाटला तर प्रत्येकाला मिनिटाला सहा लिटर पाणी येते. मराठवाड्यातल्या पाण्याचा रेनॉल्ड्सचा अंक तेव्हाही सहा हजारांच्या आसपास राहतो, म्हणजे उष्णता-विनिमय बिघडत नाही, आणि बोअरमधील घर्षण मात्र पाच मीटरवरून पाव मीटरवर उतरते. ग्लायकॉल मिसळलेल्या थंड फेऱ्यात अशी वाटणी केली असती तर पाण्याची चाल सरळ होऊन बसली असती. शिवाय बोअरचा दर खोलीबरोबर टप्प्याटप्प्याने चढत जातो, त्यामुळे उथळ फूट स्वस्त पडतो. पाणी उपसणाऱ्या विहिरींना महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने ६० मीटरची रेषा घातली ती वेगळ्या कारणासाठी; पण न उपसणाऱ्या बोअरलाही त्या रेषेच्या आत राहणे जलगतीच्या दृष्टीने परवडणारे आहे.

खोल बोअरचा आणखी एक धोका लातूरच्या कोरड्या खडकात विशेष आहे. दीडशे मीटर नळीच्या तळाशी आतून पंधरा बारचा, म्हणजे वातावरणाच्या पंधरापट, दाब असतो. बोअर भूजलाने भरलेला असेल तर बाहेरचे पाणी तो दाब तोलते, परंतु कोरड्या बोअरमध्ये भरणी घट्ट होईपर्यंत नळी एकटीच तो सोसते. १६ बारची नळी म्हणून जी विकत मिळते तिची ती क्षमता २० अंशांवरची असते. ४० अंशांच्या पाण्यात ती सुमारे पाऊणपट, म्हणजे बाराच्या आसपास, उरते. पन्नास मीटरच्या बोअरमध्ये हा दाब पाच बारच राहतो आणि प्रश्न मिटतो.

स्वीडनच्या कठीण खडकात बोअर पुष्कळदा तसाच भूजलाने भरलेला ठेवतात, आणि ते पाणीच नळी व खडक यांच्यातला पूल होते. मराठवाड्यात पाणीपातळी पावसाळा सरल्यावर उतरू लागते आणि मेमध्ये, गारव्याची गरज शिगेला पोहोचते तेव्हा, नळीभोवती हवा उरते, जी उष्णतेच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. म्हणून येथे बेंटोनाइट माती आणि वाळूचे मिश्रण तळापासून वर भरत आणणे अपरिहार्य ठरते. त्याचा दुसरा लाभ असा की वरच्या थरातले सांडपाणी बोअरच्या वाटेने खालच्या भूजलात उतरत नाही.

टेलचा शेतकरी

बोअर अनेक झाले की पाणीवाटपाचा जुना तंटा नळ्यांत अवतरतो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याचे शेत तुडुंब आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी, हे चित्र विष्णुपुरी किंवा मांजरा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात कोणाला सांगावे लागत नाही. पंपाजवळच्या बोअरची वाट जवळची आणि कमी घर्षणाची असल्याने पाणी तिकडेच धावते, आणि दूरच्या बोअरमध्ये प्रवाह मंदावून चाल सरळ होते, म्हणजे खर्च करून पाडलेला बोअर नावापुरता उरतो. यावरचा उपाय झडपा पिळत बसण्यात नाही, नळ्यांच्या मांडणीत आहे. ज्या बोअरला पाणी सर्वांत आधी पोहोचते त्याची परतीची नळी सर्वांत लांबून फिरवून आणली की प्रत्येकाचा एकूण प्रवास सारखा होतो आणि वाटणी आपसूक सारखी पडते.

दुसरा शत्रू म्हणजे हवा. ठिबकच्या नळीत हवा धरली की पाणी अडते हे शेतकरी जाणतो, पण ठिबकची हवा शेवटच्या टोकातून निघून जाते आणि बंद फेऱ्यात तिला बाहेर पडायला जागाच नसते. त्यामुळे यंत्रणा सुरू करण्यापूर्वी नळ्यांतून सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने पाणी रेटून बुडबुडे व कचरा धुऊन काढावा लागतो, आणि हा वेग नेहमीच्या चालीपेक्षा अधिक असल्याने त्या एका दिवसासाठी मोठा पंप आणावा लागतो. ज्या ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ही ओळ नसते त्याच्या कामात पुढे कोणता तरी बोअर मुका पडण्याची शक्यता असते.

पंपाची वीज हा या सगळ्याचा ताळा होय. अमेरिकेतील अभियंते स्टीव्ह कॅव्हनॉ यांनी १०० टन क्षमतेच्या यंत्रणेला पाच अश्वशक्तीपर्यंत पंप लागला तर रचना उत्तम आणि पंधराच्या पुढे गेला तर नापास, अशी श्रेणी सुचवली. जमिनीने दिलेले पंधरा अंश पंपाच्या बिलात वाहून गेले तर छतावरचा साधा एसी बरा, असा तिचा अर्थ आहे.

पाण्याचा आणि उष्णतेचा ताळेबंद

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले असताना मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. अशा शहरात गारव्यासाठी पाणी वाफ करून सोडणे किती महाग आहे हे साध्या गणिताने कळते. दहा टनांचा एसी दिवसात दहा तास चालून सुमारे ४४० किलोवॉट-तास उष्णता बाहेर टाकतो, आणि ती कूलिंग टॉवरमधून सोडायची तर साडेसहाशे लिटर पाण्याची रोज वाफ होते. तीच उष्णता जमिनीत मुरवण्यासाठी पन्नास मीटरचे साधारण २७ बोअर लागतील. त्यांच्या सगळ्या नळ्या भरायला दीड हजार लिटरही पुरतात, म्हणजे टॉवरच्या सव्वादोन दिवसांच्या वाफेएवढे पाणी, आणि तेही एकदाच.

सत्तावीस बोअर ही लहान संख्या नव्हे. एकमेकांची उष्णता एकमेकांना बाधू नये म्हणून त्यांच्यात सहा मीटर अंतर ठेवले तर दहा गुंठ्यांच्या आसपास जागा व्यापते, जरी बोअर झाल्यावर वर अंगण किंवा वाहनतळ करता येतो. एका घरासाठी हा खर्च अवघड आहे; मोठे आवार असलेली रुग्णालये, महाविद्यालये आणि वसतिगृहे यांच्यासाठी तो विचारात घेण्याजोगा ठरतो.

तेथेही एक अट राहते. स्वीडनमध्ये हिवाळ्यात काढलेली उष्णता उन्हाळ्यात जमीन काही प्रमाणात भरून काढते, पण मराठवाड्यात आठ महिने उष्णता फक्त सोडतच राहिले तर बोअरच्या मधला खडक वर्षागणिक तापत जाईल, आणि पंधरा अंशांची ती सवलत दहावर, पुढे आठवर येईल. पाण्याचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाला तेव्हा विहिरींचे जे झाले तेच येथे उलट्या दिशेने होईल. यावरचा मार्ग लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतच आहे. शेकडो मुलांच्या वसतिगृहांत हिवाळ्याच्या पहाटे आंघोळीचे पाणी तापवावे लागते. तोच उष्णता-पंप उलटा चालवून उन्हाळ्यात खडकात मुरवलेली ऊब डिसेंबरात बादलीत काढून घेता येते, आणि जमिनीचे खाते पुन्हा बरोबरीच्या दिशेने सरकते.

फेल गेलेले बोअर या कामी वापरता येतील का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. व्यास पुरेसा असतो, खडकही योग्य असतो. पण अनेकांत अडकलेली मोटार, खचलेला मांजऱ्या किंवा तिरका गेलेला मार्ग असतो, आणि हवे तेवढे अंतर राखून ते पाडलेले नसतात. जे सरळ आणि मोकळे आहेत त्यांत नळी सोडून भरणी करता येईल, मात्र ज्या बोअरमधून पावसाळ्यात छताचे पाणी जमिनीत उतरवता येते तो पुनर्भरणासाठीच राखणे अधिक शहाणपणाचे ठरेल. घरामागे तोंडावर फरशी ठेवून झाकलेल्या बोअरची खोली मालकाला नेहमी पाठ असते, कारण पैसे फुटाच्या हिशेबाने मोजलेले असतात. नव्या कामात त्याला दर बोअरमागे मिनिटाला किती लिटर पाणी फिरते हा आकडा पाठ ठेवावा लागेल.